मेस्त्री बिल देत नाही

घराचं काम करून घेतलेल्या माणसाची तक्रार ठरलेली असते. गवंडी येत नाही, आला तर काम संपवत नाही, संपवलं तर अवाच्या सवा पैसे मागतो. कुंभकोणमच्या आमच्या मावशींची तक्रार वेगळीच होती. मेस्त्री वेळेवर आला, काम चोख केलं, दिवाळीच्या आधी संपवलं आणि नंतर पैसे मागेचना. तमिळ पंचांगातला मासी महिना, म्हणजे फेब्रुवारीचा मध्य, आला तरी बिलाचा पत्ता नाही. मावशी अस्वस्थ आणि त्यांच्याकडे राहायला आलेला पुण्याचा भाचा निवांत. हा भाचा म्हणजे माझा नवरा. तो सीए आहे, बिलाशिवाय ज्याचं पान हलत नाही असा माणूस. तरीही तो निवांत होता.

मावशींचं घराणं तंजावरी मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला गादी स्थापली. १८५५ साली शेवटचा राजा शिवाजी पुत्राविना वारला आणि कंपनी सरकारने राज्य संपवलं. कारभारासाठी आलेली देशस्थ कुटुंबं मात्र कावेरीकाठीच राहिली. कुंभकोणमला त्यांची घरं आजही आहेत. मावशी शाळेत संस्कृत शिकवायच्या, आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळचा हात धरून चालणारी. इथे ती मी सरळ करून लिहिली आहे, तेवढी मोडतोड माझी.

घर सारंगपाणी देवळाच्या बाजूच्या गल्लीत. पुढे तिण्णै म्हणजे ओटा, आत मुत्रम म्हणजे उघडा चौक, आणि वर जुन्या पद्धतीची, ज्याला मद्रास टेरेस म्हणतात ती गच्ची. सागवानी तुळयांवर पातळ विटा उभ्या आणि तिरक्या रचून चुन्यात बसवायच्या, त्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा कोबा घालायचा, हिरड्याचं आणि गुळाचं पाणी शिंपडत बायकांनी तो लाकडी थापीने दिवसेंदिवस ठोकायचा, आणि वर चपट्या विटांचे थर द्यायचे. हे काम येणारे मेस्त्री आता थोडे राहिलेत. बाकीचे गच्ची गळली की वरून सिमेंटचा थर मारून मोकळे होतात. खालचा चुना आणि वरचं सिमेंट एकमेकांना धरत नाही आणि पुन्हा तडे जातात. मावशींच्या मेस्त्रीने खराब झालेला भाग उकरून पुन्हा चुन्यातच केला. चौकातलं गटार बदललं. मागे नवं न्हाणीघर बांधलं, म्हाताऱ्या माणसाला रात्री चौक ओलांडून जावं लागू नये म्हणून. आवणी महिन्यात, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, हात घातला आणि दिवाळीआधी काढला, कारण या भागातला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमधला, ईशान्येकडून येणारा.

दर शनिवारी मजुरांच्या पगारासाठी मावशी मेस्त्रीच्या हातावर रक्कम ठेवत. किती दिली ते त्यांच्या वहीत होतं. एकूण किती द्यायची ते कुणाच्याच वहीत नव्हतं.

मावशी : पोंगलला आला होता. केळ्यांचा फणा घेऊन आला, पाया पडला. मी पाकीट पुढे केलं तर म्हणतो, ‘इरुक्कट्टुम् अम्मा, अप्पुरम् पात्तुक्कलाम.’ असू दे, मागाहून बघू. मागाहून म्हणजे कधी रे?

भाचा : त्याला गरज लागेल तेव्हा. तुला त्रास काय आहे, मावशी? पैसे तुझ्या ठेवीत पडलेत, व्याज तुला मिळतंय. बिनव्याजी उधारी मिळाली म्हणून रडणारी तू पहिलीच.

मावशी : बिनव्याजी उधारी जगात कुणी देत नाही. व्याज कोण भरतंय ते तुला दिसत नाही एवढंच.

भाचा : बरं, तो आकडाच सांगत नाही तर तू काय करणार? ज्याचं जळतं त्याला कळतं. त्याचं काही जळत नाहीसं दिसतंय.

मावशी : माझं जळतंय. तुझे काका गेले तेव्हा तेराव्याच्या आत चार माणसं दारात आली. एक म्हणाला, लाकडाचे पैसे राहिलेत. एक म्हणाला, विहिरीचा गाळ काढला त्याचे. दोघं खरं बोलत होते, एक खोटं, आणि एकाचं मला आजतागायत कळलेलं नाही. मी चौघांनाही दिले. आता उद्या मी गेले की हा मेस्त्री तुझ्या दारात उभा राहून आकडा सांगेल. खरा की खोटा हे तू कशावरून ठरवशील?

त्यावर भाचा थोडा वेळ गप्प बसला. मावशींचं म्हणणं भाबडं नव्हतं. देणं डोक्यावर घेऊन मरू नये ही श्रद्धा त्यात होतीच, पण तोंडी हिशेबाची किंमत वारसाला चुकवावी लागते हा रोकडा अनुभवही होता. सीए माणसाने हा मुद्दा आधी मांडायला हवा होता असं मला वाटलं, आणि मी तसं म्हटलंही. तो म्हणाला, मुदतीचा कायदा आहे ना.

भाचा : हे बघ, १९६३चा कायदा आहे. केलेल्या कामाचे पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल, तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षांत कोर्टात दावा लावावा लागतो. तीन वर्षं गेली की गेली.

मावशी : काय गेलं? देणं गेलं की दावा गेला?

भाचा : दावा.

मावशी : आणि देणं?

भाचा : देणं तत्त्वतः राहतं. मुदत टळल्यावरही तू सही करून लेखी वचन दिलंस, तर १८७२चा करार कायदा ते वचन पाळायला लावतो.

मावशी : मग सरळ म्हण ना, की देणं राहतं आणि फक्त त्याचा हात बांधला जातो. अरे, आपण त्याच न्हाणीघरात अंघोळ करणार!

इथे मावशींनी माधवरावांना मधे आणलं. तंजावरी मराठी घरांत माधवराव कधीही मधे येऊ शकतात. सर टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमला जन्मले, त्रावणकोरचे दिवाण झाले, पुढे इंदूर आणि बडोद्याचा कारभार पाहिला. त्रावणकोरला त्यांनी संस्थानाच्या डोक्यावरचं कर्ज फेडून टाकलं. मावशींच्या मते त्यांची थोरवी त्या एका गोष्टीत आहे, बाकी पदव्या सरकारने दिल्या. भाच्याने विचारलं, माधवरावांना सावकारांनी निदान आकडे तरी सांगितले होते ना? मावशी हसल्या, पण मागे हटल्या नाहीत.

आता नवऱ्याच्या निवांतपणाचं खरं कारण सांगायला हवं. त्याला पैसे द्यायची घाई नव्हती, पण कागद मात्र हवा होता, आणि तोही पक्का. मावशींचं बरोबर उलट. त्यांना पैसे देऊन मोकळं व्हायचं होतं, कागदाशी देणंघेणं नव्हतं. मेस्त्रीला यातलं एकही नको होतं. तिघांपैकी दोघं जरी एका बाजूला असते तर प्रश्न संध्याकाळच्या डिग्री कॉफीच्या आत मिटला असता.

भाचा : मला बिल का हवंय ते ऐक. उद्या हे घर विकायची वेळ आली...

मावशी : आली नाही.

भाचा : समज आली. तर नव्या न्हाणीघराचा खर्च ही घराची सुधारणा धरली जाते आणि विक्रीच्या नफ्यातून ती रक्कम वजा मागता येते. गच्चीची डागडुजी सहसा त्यात बसत नाही. पण वजावट मागायची तर कागद पाहिजे. शनिवारी शनिवारी दिले, असं आयकरवाल्याला सांगून चालत नाही. दुसरं म्हणजे सिमेंट. २०२५च्या २२ सप्टेंबरला सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. तुझं काम त्या तारखेच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे चाललं होतं. कुठल्या गोण्या कधी घेतल्या? आज बिल करायला बसला तर तो सगळ्या गोण्या जुन्या भावाने लावणार नाही कशावरून?

मावशी : लावणार नाही.

भाचा : मुद्दाम नाही लावणार. विसरेल. चार महिन्यांनी केलेलं बिल म्हणजे आठवणींचं बिल. आणि आठवण नेहमी ज्याची त्याच्या बाजूने झुकते, तुझी तुझ्या, त्याची त्याच्या.

मावशी : मग कायद्याने माग ना त्याच्याकडे बिल. तुझ्याकडे कायदे पुष्कळ.

भाचा : आहेतच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. जीएसटीची नोंदणी असलेल्याने सेवा दिल्यापासून तीस दिवसांत बिल द्यायचं असतं.

मावशी : त्याची आहे का नोंदणी?

भाचा : नसणार. सेवा देणाऱ्याला वर्षाच्या वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही.

मावशी : मग काय, पोंगलला केळी आणणाऱ्या माणसावर ग्राहक आयोगात जातोस?

कायद्याचा हा सगळा डोलारा अशा वेळी किती हलका असतो! तो फसवणाऱ्याला धरायला बांधलेला आहे. न मागणाऱ्याला धरायला त्यात जागाच नाही. आपल्याकडे महाराष्ट्रात २०२५ साली सरकारी कामं केलेले कंत्राटदार थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर उतरले. त्यांच्याजवळ एमबी म्हणजे मोजमाप पुस्तक होतं, मंजूर बिलं होती, नव्हता तो पैसा. इथे पैसा पाकिटात भरून ठेवलेला आणि बिल नाही.

मावशींनी मग त्यांचा हुकमी पत्ता काढला. कौटिल्य. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा प्रश्न अर्थशास्त्रात सुटलेला आहे. मजुराशी काय ठरलं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना ठाऊक असावं. मजुरी ठरली असेल तर ठरल्याप्रमाणे द्यावी, ठरली नसेल तर काम आणि काळ बघून द्यावी. मजुरी बुडवणाऱ्या मालकाला दंड. वेळेत काम न करणाऱ्या कारागिराची मजुरी चौथ्या हिश्शाने कापावी आणि वर त्याच्या दुप्पट दंड.

भाचा : आणि काम करून पैसे न मागणाऱ्याला?

मावशी : ते प्रकरण पोथीत गळलं असेल.

ही पोथी आर. शामशास्त्रींना १९०५ साली म्हैसूरला मिळाली, ती तंजावर जिल्ह्यातल्या एका पंडिताने आणून दिली होती. १९०९ साली ग्रंथ छापला गेला. कुंभकोणम तेव्हाही तंजावर जिल्ह्यातच होतं, त्यामुळे ती पोथी आपल्या शेजारच्या गल्लीतूनच गेली असावी असा मावशींचा संशय आहे. पुरावा शून्य. पण त्यातला एक शब्दप्रयोग मला कामाचा वाटला, आणि तो कायद्याच्या पुस्तकांत सापडला नव्हता. काम आणि काळ बघून द्यावी. म्हणजे मजुरी ठरवायची जबाबदारी देणाऱ्यावरही येते. त्याच्या बिलाची वाट बघत बसणं हा काही मालकाचा धर्म नव्हे.

दरम्यान मावशींनी मला मेस्त्रीच्या घरी पिटाळलं. निमित्त लोणच्याच्या बरणीचं, खरा हेतू आकडा काढण्याचा. मेस्त्री कामावर होता. २०२८ साली महामहम आहे. २०१६च्या महामहमनंतर बारा वर्षांनी गावात पुन्हा लाखो माणसं तीर्थात बुडी मारायला येणार, म्हणून जागोजागी डागडुजी आणि रंगरंगोटी निघाली आहे. मेस्त्रीला उसंत नाही. घरी त्याची बायको आणि बारावीतली मुलगी होती. मुलगी इंग्रजी बोलत होती म्हणून माझं निभावलं. हिशेब कुठे आहे, असं मी विचारताच तिने तिची जुनी शाळेची वही आणली. त्यात पानापानावर घरं होती, नावं नव्हती. वक्कील वीडु, टीचर वीडु, डॉक्टर वीडु. टीचर वीडु म्हणजे आमच्या मावशींचं घर. त्या पानावर चुन्याच्या गोण्या, वाळूचे युनिट, चित्ताळ म्हणजे बिगारी बायकांच्या हजेरीच्या रेघा, प्लंबरला दिलेली उचल, सगळं होतं. फक्त खाली बेरीज नव्हती. कुठल्याच पानावर नव्हती.

मी विचारलं, बेरीज का नाही? मुलगी म्हणाली, अप्पांना बेरीज येते, पण प्लंबरने अजून त्याचे किती ते सांगितलेलं नाही, आणि हार्डवेअरवाल्याने त्याचं बिल दिलेलं नाही. प्लंबरला का नाही विचारत? कारण त्याचा मोटरवाला सांगत नाही. असा तो जिना खालपर्यंत उतरत गेलेला होता आणि प्रत्येक पायरीवर कुणीतरी ‘मागाहून बघू’ म्हणत बसलेलं होतं.

तेवढ्यात मेस्त्रीच्या बायकोने काहीतरी म्हटलं आणि मुलगी जरा संकोचली. मग तिने सांगितलं. दर शनिवारी बिगारी बायकांना पैसे चुकत नाहीत, चुकले तर सोमवारी त्या दुसऱ्या मेस्त्रीकडे जातात. चार घरांचे पैसे चार ठिकाणी अडकले की शनिवारचे पैसे कुठून आणायचे? आईची साखळी पुरट्टासीपासून, म्हणजे सप्टेंबरपासून, तारण आहे.

कुंभकोणमला सोनं तारण ठेवणं ही लाजेची गोष्ट नाही. १९०४ साली कुंभकोणम बँक म्हणून इथे सुरू झालेल्या आणि आजही इथेच मुख्य कचेरी असलेल्या सिटी युनियन बँकेपासून गल्लीतल्या पेढीपर्यंत सोन्यावर कर्ज देणाऱ्यांची गावात वाण नाही. निदान ती बँकेची वाट आहे. याच्या पलीकडे कंदुवट्टीवाले आहेत, अघोरी व्याजाचे सावकार. त्यांच्यासाठी तमिळनाडूला २००३ साली वेगळा कायदा करावा लागला. तरी साखळीवरचं व्याज हे व्याजच. ते घरी येऊन मी सांगितलं तेव्हा भाचा पहिल्यांदा ताठ बसला.

मावशी : बघ. व्याज कोण भरतंय म्हणाले होते ना मी.

भाचा : पण मावशी, मग तो मागत का नाही? साखळी गहाण पडली आणि माणूस केळी घेऊन येतो?

मावशी : तू मागितलं असतंस का? गच्चीने पाऊस काढला की नाही ते बघितल्याशिवाय?

हे मला सुचलं नव्हतं. चुन्याची गच्ची केलेला मेस्त्री पहिला पावसाळा पार पडेपर्यंत पैसे मागायला संकोचतो. ऑक्टोबरमध्ये पैसे घेतले आणि नोव्हेंबरमध्ये छत ठिबकलं तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही. म्हणजे उशिराच्या मुळाशी निदान काही अंशी त्याची अब्रू होती. पण पाऊस डिसेंबरात संपला. जानेवारीत पोंगल झाला. मग?

भाचा : मग बाकीची कारणं मी सांगतो, कारण माझे निम्मे अशील असेच आहेत. एक, हिशेब मांडायला बसलं की त्या दिवसाची मजुरी बुडते. दोन, आकडा दिला की घासाघीस सुरू होणार याची धास्ती. तीन, बाकी राहिली की नातं राहतं. तू दुसऱ्या मेस्त्रीला बोलावणार नाहीस. चार, तुझ्याकडचे पैसे त्याला बँकेत असल्यासारखे वाटतात, जूनमध्ये मुलीची कॉलेजची फी भरायची वेळ आली की एकदम मागणार. आणि पाच, हे तुला आवडणार नाही. काळ गेला की तूही विसरतेस. न्हाणीघराची भिंत आधी सात फूट ठरली होती, मग तू नऊ फूट करायला लावलीस. किती वाढीव? तुला आठवतं?

मावशी : आठ होती आधी.

भाचा : सात. बघितलंस?

यापुढचं भांडण दहा मिनिटं चाललं. ते मी गाळते. त्याने एवढं मात्र झालं की भाचा उठला, टेप काढली आणि मोजायला लागला. सार्वजनिक बांधकाम खात्यात कंत्राटदाराचं बिल थेट पास होत नाही, आधी मोजमाप पुस्तकात मापं चढतात, त्यावर कंत्राटदार सही करतो, मग बिल निघतं. म्हणजे मापं घेतो तो मालक. खाजगी कामात आपण ही रीत उलटी केली आहे. मोजायचंही त्यानेच, लिहायचंही त्यानेच, आणि आपण आकडा कळला की फक्त तोंड वाकडं करायचं.

मावशी लिहायला बसल्या. भाचा मापं सांगत होता, त्या वहीत उतरवत होत्या. गच्ची इथल्या हिशेबाने सदुरममध्ये, म्हणजे शंभर चौरस फुटांच्या मापात; पुण्यात वाळू ब्रासने येते ती इथे युनिटने. सुरुवातीला ठरलेला दर दोघांनाही माहीत होता, त्यावर वाद नव्हता. माल वेगळा, मजुरी वेगळी, वाढीव काम वेगळं. भिंतीपुढे त्यांनी दोन्ही आकडे लिहिले, सात आणि आठ, आणि पुढे प्रश्नचिन्ह. शनिवारच्या रकमा तारखेसह एका बाजूला. खाली बेरीज, वजाबाकी आणि बाकी. सिमेंटच्या रकमेची जागा कोरी ठेवली आणि शेजारी लिहिलं, दुकानाचं बिल दाखव. शेवटी मावशींनी सही केली. भाचा म्हणाला, ही सही म्हणजे लेखी कबुली, हिच्यापासून त्याची तीन वर्षं पुन्हा सुरू झाली. मावशी म्हणाल्या, होऊ देत.

वहीचं पान मुलीच्या हाती मेस्त्रीकडे गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना तो स्वतः आला. इतके महिने आकडा न सांगणारा माणूस ओट्यावर बसून पेन्सिलने पान दुरुस्त करत होता. भिंतीपुढचं सात खोडून त्याने आठ तेवढं ठेवलं, याने त्याचेच पैसे कमी झाले. परांचीचं भाडं आम्ही धरलं होतं, ते काटलं. बांबू त्याने वक्कील वीडुवरून आणले होते. गटाराच्या दगडी झाकणांचा आम्हाला विसर पडला होता, तो त्याने भरून काढला. प्लंबरचा आकडा त्याने अंदाजाने लिहिला आणि फरक पडला तर मी बघतो म्हणाला. माणसाला कोऱ्या कागदाची जी भीती वाटते ती दुसऱ्याने लिहिलेल्या कागदाची वाटत नाही. त्यात फक्त चूक काढायची असते, आणि चूक काढायला कुणालाही आवडतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली कामाची गोष्ट ही. मागून न मिळणारं बिल आपण लिहून पाठवलं की परत येतं.

यावर दोघांचं एकमत झालं म्हणावं तर तसंही नाही. भाच्याला शेवटची पाच टक्के रक्कम पुढच्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवायची होती.

भाचा : सरकार ठेवतं. दोषदायित्व कालावधी म्हणतात त्याला.

मावशी : सरकार ठेवतं ते सांगून ठेवतं, आधी करारात लिहून. तू काम झाल्यावर ठेवणार. आणि पाऊस झाला की एक. थेंब आला नाही.

भाचा : एका पावसाने काय कळतं?

मावशी : मग सीएची फी पण अशीच ठेवतात का लोक? आयकराची नोटीस येते की नाही ते बघेपर्यंत?

फीचा विषय निघाल्यावर तो लढला नाही. पण मला विचाराल तर त्याचं म्हणणं चूक नव्हतं, फक्त वेळ चुकली होती. राखीव रक्कम, मापं कोण घेणार, माल कुणाच्या नावाने येणार, दर शनिवारी किती, हे पहिल्या दिवशी, तिण्णैवर बसून, शेजाऱ्याच्या देखत ठरवायला हवं. काम संपल्यावर लावलेली अट मेस्त्रीला दंडासारखी लागते, आणि ती लागणारच.

तुमच्या घरी काम चालू असेल, मग ते कुंभकोणमला असो की कोथरूडला, तर बिलाची वाट बघू नका. काम संपल्याच्या आठवड्यात, वाढीव काय ते दोघांना आठवत असताना, स्वतः मापं घ्या, दिलेल्या रकमा तारखेने लिहा, बाकी काढा आणि पान त्याच्याकडे पाठवा. रकमा खात्यातून द्या, म्हणजे कागदाचा निम्मा भार बँक उचलते. आणि ‘राहू दे, मागाहून बघू’ म्हणणाऱ्या माणसाला शनिवारी कुणाकुणाला पैसे द्यावे लागतात, ते एकदा विचारा.

मावशींनी बाकी रक्कम मेस्त्रीच्या बायकोच्या खात्यात भरली. मासी संपायच्या आत साखळी सुटून आली. हार्डवेअरवाल्याचं सिमेंटचं बिल मात्र अजून आलेलं नाही. त्याची जीएसटीची नोंदणीही आहे.